स्वेटरवाल्या ताईची तक्रार कोण लिहून घेईल?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं, ज्या गटांचं ऐकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी इथं छापत आहोत. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मध्ये थांबून बोलावंसं वाटलं तर जरूर थांबावं.)



दिवाळी सरली, पहाटेचा गारवा वाढला, की जिल्ह्याच्या गावी रस्त्याच्या कडेला स्वेटरचा बाजार लागतो. बांबू, ताडपत्री आणि दोरीवर टांगलेले रंगीबेरंगी स्वेटर, कानटोप्या, शाली. आत बसलेल्या बायका आपल्याशी हिंदीत भाव करतात, एखादी मोडक्यातोडक्या मराठीतही बोलते. आपण त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणून मोकळ्या होतो. पण त्यातल्या बहुतेक जणी तिबेटी असतात. हिवाळा संपला की दुकान गुंडाळून त्या आपल्या वस्तीवर परत जातात.

आज अशाच एका ताईचा विचार करू. ही ताई खरी कुणी नाही, समजण्यासाठी घेतली आहे. समजा, एका रात्री दुकान आवरताना कुणीतरी तिचा दिवसभराचा गल्ला हिसकावून नेला. तिनं चोर पाहिलेला आहे. ती पोलीस ठाण्यात जाते. पहिला प्रश्न येतो, “गाव कुठलं?” दुसरा प्रश्न, “कागद दाखव.” ती एक वही पुढं करते. त्यावर लिहिलेलं असतं की ही बाई भारताची नागरिक नाही, परकीय म्हणून तिची नोंद झालेली आहे. आता तिची तक्रार लिहून घ्यायची की नाही? तिच्यासाठी कोर्ट उघडं आहे का? सरकारी वकील तिच्या बाजूनं उभा राहील का?

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. तो बोलता बोलता कळेल.

निर्वासित म्हणजे कोण?

आपल्याकडे घर सुटलेल्या माणसांसाठी दोन शब्द आहेत. कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली ते विस्थापित. त्यांचं घर गेलं, पण देश आपलाच राहिला. कागद आपल्याच सरकारचा होता आणि भांडायचं तेही आपल्याच सरकारशी. जिवाच्या भीतीनं ज्याला देशाची हद्दच ओलांडावी लागते आणि परत गेलं तर जीव किंवा तुरुंग अशी धास्ती असते, तो निर्वासित. हिंदीत शरणार्थी म्हणतात. कामासाठी दुसऱ्या देशात गेलेला माणूस वेगळा, कारण त्याला हवं तेव्हा घरी परतता येतं. निर्वासिताला ती वाट बंद असते.

महाराष्ट्राला निर्वासित नवे नाहीत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि त्याचंच पुढं उल्हासनगर झालं. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंड देशातले सुमारे पाच हजार निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. आणि तिबेटी लोकांची एक वस्ती आजही आपल्या राज्यात आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाजवळ, १९७२ मध्ये ती वसवली गेली. तिचं नाव नोर्ग्येलिंग. तिबेटमधून १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो कुटुंबं आली आणि देशभर अशा वस्त्या झाल्या. म्हणजे आपल्या स्वेटरवाल्या ताईचा जन्म कदाचित याच मातीतला आहे. तिच्या आईचासुद्धा असेल. तरी तिच्याकडे नोंदणीची वही आहे. तिची मुदत संपली की ती पुन्हा नवी करून घ्यावी लागते.

याशिवाय १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेले तमिळ लोक तमिळनाडूतल्या छावण्यांत राहतात. म्यानमारमधून आलेले चिन आणि रोहिंग्या आहेत, अफगाणिस्तानातून आलेली कुटुंबं आहेत. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ लोकांची व्यवस्था भारत सरकार स्वतः बघतं. बाकीच्या बऱ्याच जणांची नोंद संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं कार्यालय दिल्लीत करतं आणि त्यांना एक कार्ड देतं.

कायदा काय म्हणतो?

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ मध्ये जिनिव्हा शहरात बऱ्याच देशांनी मिळून निर्वासितांसाठी एक करार केला. त्याचं सोळावं कलम आपल्या आजच्या विषयाचं आहे. निर्वासित ज्या देशात राहतो आहे, तिथल्या कोर्टाचं दार त्याला मोकळं असलं पाहिजे, आणि तिथल्या माणसाला जशी वकिलाची मदत मिळते तशी त्यालाही मिळाली पाहिजे, असं ते कलम सांगतं.

भारतानं या करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. जो भारताचा नागरिक नाही तो परकीय, एवढंच आपला कायदा ओळखतो. फिरायला आलेला साहेब आणि जीव मुठीत धरून आलेली लेकुरवाळी, दोघं एकाच रकान्यात. आधी यासाठी १९४६ चा कायदा होता, आता त्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आहे. वैध पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात असणं हाच गुन्हा धरला जातो. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळांपैकी ज्यांची नोंद झालेली आहे त्यांना सरकारनं सूट दिली आहे, पण सगळ्यांना नाही.

मग अशा बाईला आधार कशाचा? आधार आपल्या राज्यघटनेचा, आणि तोही एका साध्या शब्दाचा.

घटना लिहिणाऱ्यांनी हक्क देताना दोन शब्द जपून वापरले आहेत. काही ठिकाणी ‘नागरिक’ म्हटलं आहे, काही ठिकाणी ‘व्यक्ती’. देशात कुठंही फिरणं, कुठंही घर करणं, संघटना काढणं, हे हक्क एकोणिसाव्या कलमात आहेत आणि ते नागरिकांचे आहेत. पण कायद्यासमोर सगळे सारखे हे सांगणारं चौदावं कलम ‘व्यक्ती’ म्हणतं. कायद्याची रीत पाळल्याशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येणार नाही, हे सांगणारं एकविसावं कलमही ‘व्यक्ती’ म्हणतं. अटक केली तर का केली ते सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करायचं, हे बाविसावं कलम सांगतं. तेही अटक झालेल्या व्यक्तीबद्दल बोलतं, फक्त नागरिकाबद्दल नाही. आपली स्वेटरवाली ताई नागरिक नसेल, पण व्यक्ती तर आहेच. तेव्हा तक्रार लिहून घेण्याआधी नागरिकत्वाचा दाखला मागण्याचं कारण नाही.

तीन खटले

कागदावरचा शब्द खरा की खोटा, हे खटल्यात कळतं. म्हणून तीन गोष्टी सांगते. तिन्ही घडलेल्या आहेत.

पहिली चकमा लोकांची. आपल्याकडे कोयनेचं धरण होत होतं, साधारण त्याच काळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कर्णफुली नदीवर काप्ताईचं धरण झालं. चितगावच्या डोंगरी भागातली चकमा लोकांची भातशेती आणि घरं पाण्याखाली गेली. वर छळ होताच. १९६४ च्या सुमारास त्यातली हजारो कुटुंबं भारतात आली आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांना वसवण्यात आलं. तीस वर्षं गेली. तिथल्या स्थानिक आदिवासींनाही आपल्या जमिनीची आणि आपण कमी पडू याची काळजी होती, ती समजण्यासारखी आहे. पण १९९० नंतर वातावरण तापलं आणि एका विद्यार्थी संघटनेनं मुदतच दिली की निघून जा. घाबरलेल्या चकमांची बाजू राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं सर्वोच्च न्यायालयात नेली. ९ जानेवारी १९९६ ला निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं की राज्यात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव सांभाळणं ही सरकारची जबाबदारी आहे, मग तो नागरिक असो वा नसो. कुणीही जमाव येऊन त्यांना हाकलू शकत नाही. आणि नागरिकत्वासाठी त्यांनी केलेले अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयात अडवून न ठेवता दिल्लीला पाठवा.

निकाल लागला म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. त्याच अर्जांसाठी चकमांना पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. तलाठ्याकडे हेलपाटे मारलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट हावडा स्टेशनवरची. ही बाई निर्वासित नव्हती, बांगलादेशातून आलेली पाहुणी होती. १९९८ च्या फेब्रुवारीत ती अजमेरला जाण्यासाठी हावड्याला उतरली. तिथं तिला फसवून रेल्वेच्याच यात्री निवासात नेलं आणि तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. करणाऱ्यांत रेल्वेचे कर्मचारीही होते. कोलकात्याच्या चंद्रिमा दास या वकील बाईंनी स्वतःहून हे प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. तिच्याशी त्यांचं ना नातं, ना गोतं. न्यायालयानं रेल्वेला दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथं म्हणाली, ही बाई परदेशी आहे, घटनेतल्या हक्कांवर तिला भरपाई मागता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० च्या जानेवारीत हे म्हणणं फेटाळलं. जगण्याचा आणि अब्रूनं जगण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, ती दुसऱ्या देशाची असली तरी. भरपाई कायम राहिली.

तिसरी गोष्ट तिबेटी मुलीची. नामग्याल डोलकर हिचा जन्म १९८६ मध्ये हिमाचल प्रदेशात कांगड्याला झाला. मोठी झाल्यावर तिनं भारतीय पासपोर्ट मागितला. उत्तर आलं, तू तिबेटी, तुला मिळणार नाही. आता नागरिकत्वाच्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानंच भारताचा नागरिक. आईबाप कुठले, हा प्रश्न त्या काळापुरता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० च्या डिसेंबरमध्ये हेच सांगितलं आणि ती नागरिक ठरली. पुढं २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं त्या मुदतीत जन्मलेल्या सगळ्याच तिबेटी लोकांसाठी हा नियम पाळायला सांगितलं. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही तमिळनाडूतल्या मंडपमच्या छावणीत १९८६ ला जन्मलेल्या एका बाईला पासपोर्ट द्यायला लावला. तिचे आईवडील श्रीलंकेचे, पण ती मात्र जन्मापासून भारतीय होती. फक्त तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता उलटी बाजूही सांगते. कोर्टात गेलं की प्रत्येक निर्वासिताला हवं ते मिळतं, असं समजू नका. जम्मूत रोहिंग्यांना पकडून ठेवलं होतं. त्यांना परत पाठवू नये म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायालय म्हणालं, समानतेचा आणि जगण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण देशात राहू देण्याचा हक्क नागरिकांचाच. त्यांना परत पाठवायचं तर कायद्याची रीत पाळून पाठवा, एवढाच दिलासा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयानं मात्र म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्या, पत्रकारांसह सात जणांना दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्यायला सांगितलं. म्हणजे राहू द्यायचं की नाही, यावर न्यायालयांचं मत एकसारखं नाही. पण चोरी, मारहाण, अत्याचार, फसवणूक झाली तर दाद मागता येते, यावर वाद नाही.

उंबरा उंच का लागतो?

दार उघडं असून बाई आत का जात नाही?

पहिली अडचण भीतीची. नवऱ्यानं मारलं म्हणून पोलिसांकडे जावं, तर तेच पोलीस ‘तुझा व्हिसा कुठंय?’ विचारतील आणि आपल्यालाच आत टाकतील, ही धास्ती. ज्याला तिला लुबाडायचं असतं, त्याला ही धास्ती चांगली ठाऊक असते. मजुरी बुडवणारा, खोलीची अनामत गिळणारा, अंगावर हात टाकणारा, सगळे एकच वाक्य बोलतात, “जा, सांग पोलिसांना.”

दुसरी अडचण कागदाची. घर जळत असताना जन्मदाखला शोधायला कोण थांबतं? मग दलाल भेटतो. पैसे घेऊन खोटं कार्ड करून देतो. त्या दिवसापासून तिच्या मागं खरोखरचा गुन्हा लागतो, आणि खरी तक्रार घेऊन जायची वाटही बंद होते.

तिसरी अडचण भाषेची. आपली भाषा येत असूनही कोर्टातलं बोलणं आपल्याला कळत नाही, मग तिला काय कळणार? आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगायची, असा कायदा आहे. पण तक्रार द्यायला आलेल्या बाईसाठी दुभाष्या आयत्या वेळी मिळत नाही. बहुतेकदा दुभाष्या म्हणून नवरा किंवा दीरच उभा राहतो. तक्रार त्याच्याचविरुद्ध असली तर काय होणार, ते तुम्हीच सांगा.

चौथी अडचण आपल्याच माणसांची. परक्या मुलखात वस्तीच आईबाप असते. वडीलधारे म्हणतात, बाहेर बोभाटा नको, आपण बसून मिटवू. किरकोळ भांडण तसं मिटतंही. पण बाईच्या मारहाणीचं, पोरीवरच्या अत्याचाराचं ‘मिटवणं’ म्हणजे काय असतं, ते आपल्या गावकीत आपण पाहिलेलं आहे.

पाचवी अडचण अंतराची आणि बुडणाऱ्या रोजाची. यावर आफ्रिकेतल्या केनिया देशात एक उपाय करून पाहिला गेला. दादाब आणि काकुमा या तिथल्या फार मोठ्या छावण्या. कोर्ट लांबच्या शहरात. साक्षीदार बाया तिथवर जाऊ शकत नव्हत्या, म्हणून खटले पडत. मग न्यायाधीशच ठरलेल्या दिवशी छावणीत येऊन सुनावणी घेऊ लागले. फिरत्या कोर्टामुळं साक्षीदार बाई सकाळी साक्ष देऊन दुपारी चुलीपाशी परत येऊ शकते.

फुकट वकील तिलाही मिळतो का?

मिळतो. हे नीट ऐका, कारण हे तुमच्याही कामाचं आहे.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमात फुकट वकील कुणाला द्यायचा याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, मानवी तस्करीत सापडलेली व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती, बाई, मूल. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि तिथंही शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. म्हणजे स्वेटरवाली ताई नागरिक असो वा नसो, बाई आहे एवढ्यावर ती फुकट वकील मागू शकते. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. फोनवरून विचारायचं तर १५१०० हा नंबर आहे.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही ‘कोणतीही स्त्री’ असंच म्हणतो. ती जिथं तात्पुरती राहते आहे, तिथल्या न्यायाधीशाकडेही तिला अर्ज करता येतो. कायम पत्ता नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. मदतीला संरक्षण अधिकारी असतात, सखी केंद्र असतं, १८१ ही महिलांची हेल्पलाइन असते.

आणि झीरो एफआयआर. गुन्हा कुठंही घडलेला असो, गंभीर गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात लिहून घ्यावी लागते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. तक्रारीची प्रत फुकट मिळते. अत्याचाराची तक्रार असेल तर ती महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची.

“आपल्यालाच मिळत नाही, त्यांना कशाला?”

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रेडिओवर असं काही बोललं की कुणीतरी फोन करून विचारतंच. प्रश्न खोटा नाही. तारखा आपल्यालाही वर्षानुवर्षं मिळतात.

पण एक विचार करा. स्वेटरवाल्या ताईचा गल्ला नेणारा चोर काय शिकला? कागद नसलेल्या बाईला लुबाडलं तर कुणी विचारत नाही, हे शिकला. उद्या तो बाजारातून एकटी परतणाऱ्या भाजीवालीची पाठ धरेल. गुन्हा जिरला की गुन्हेगाराचं धाडस वाढतं, आणि तो राहतो आपल्याच रस्त्यावर. दुसरं असं की कायदा दोन्हीकडे चालतो. उद्या एखाद्या निर्वासितानं आपल्या माणसावर अन्याय केला, तर त्यालाही याच कोर्टात उभं करायचं असतं, जमावानं वस्तीवर जायचं नसतं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जवळचं वाटतं. आपल्या बीडच्या, नगरच्या, जालन्याच्या ऊसतोड करणाऱ्या बाया कोयता घेऊन सहा सहा महिने कर्नाटकात जातात. तिथं भाषा वेगळी, ठाणं अनोळखी, रेशनकार्ड गावाकडं. पाल ज्याच्या शेतात, त्याच्याविरुद्ध बोलायचं तर जायचं कुठं? मुकादमानं पैसे बुडवले, कुणी हात धरला, तर त्यांनाही हेच ऐकावं लागतं, “तुझं गाव कुठलं?” त्या भारताच्या नागरिक आहेत, मतदार आहेत, तरी गावापासून लांब गेल्यावर त्यांची अवस्था स्वेटरवाल्या ताईहून फार निराळी राहत नाही. झीरो एफआयआर, १५१०० आणि तात्पुरत्या पत्त्यावर अर्ज, ही तिन्ही हत्यारं दोघींच्याही उपयोगाची आहेत.

गट काय करू शकतो?

मोठं काही नको. चार गोष्टी सांगते.

अशी बाई मदतीला आली तर आधी काय झालं ते विचारा, कागद नंतर विचारा. ती जे सांगेल ते तारीख, वेळ, जागा यांसह एका कागदावर लिहून ठेवा. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना.

पोलीस ठाण्यात तिला एकटी पाठवू नका. गटातल्या दोघी सोबत जा. दोघी-तिघी शांतपणे बाकड्यावर बसून राहिल्या की तक्रार लिहून घ्यायला बळ येतं, हा अनुभव तुमच्यातल्या अनेकींना आपापल्या कामात आलेला आहे.

तिची कागदपत्रं स्वतःकडे ठेवून घेऊ नका आणि नवं कार्ड काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी तिला लागू देऊ नका. देशात राहण्याचा, नागरिकत्वाचा प्रश्न असेल तर तो आपण सोडवायचा नाही. तो विधी सेवा समितीच्या वकिलासमोर, खरं खरं सांगून ठेवायचा. आपण तिला लपवायचं नाही आणि धमकवायचंही नाही.

दुभाष्या म्हणून तिच्या घरचा माणूस पुढं येत असेल, तर त्याला बाजूला बसवून तिच्या भाषेची दुसरी बाई मिळते का ते बघा. फोनवर मिळाली तरी चालेल.

हावड्याच्या त्या बाईसाठी कोर्टात जाणाऱ्या वकील बाई तिच्या कुणी लागत नव्हत्या. ती बाई आपल्या देशात परकी होती, तिला इथलं कोर्ट कुठं आहे तेही माहीत नव्हतं. कुणीतरी तिच्या वतीनं अर्ज लिहिला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला बोलावं लागलं. आज कुठल्याही परकीय बाईला तोच निकाल दाखवता येतो.

पुढच्या बैठकीसाठी एक काम. आपल्या तालुका कोर्टातली विधी सेवा समितीची खोली कुठं आहे आणि कोणत्या वारी उघडी असते, ते एकीनं जाऊन बघून यावं आणि वहीत लिहून ठेवावं. येत्या हिवाळ्यात स्वेटर घ्यायला गेलात, तर भाव करून झाल्यावर ताईला १५१०० हा नंबरही सांगा.

येते मी. नमस्कार.